आजी पहाटे उठत असे
(या महिन्याचा पाठ : रीती भूतकाळ)



आजचा पाठ व्याकरणाचा असला तरी विषय आपल्या घरातलाच आहे. वर्गातल्या बऱ्याच मुलांच्या घरी आजीचा किंवा आजोबांचा हार घातलेला फोटो आहे. त्या फोटोतल्या माणसाविषयी मराठीत कसे लिहायचे, ते पाहू.

आधी शब्द. मराठीत आपल्या माणसाविषयी 'मेले' असे म्हणत नाहीत. 'आजोबा गेले' किंवा 'आजोबा वारले' असे म्हणतात. पत्रात 'देवाज्ञा झाली' असे लिहितात. नावाआधी 'कै.' दिसले तर ती 'डॉ.'सारखी पदवी नव्हे. ते 'कैलासवासी'चे छोटे रूप आहे. 'गेली' या शब्दाने लहान मुले गोंधळतात. 'आजी गेली' हे ऐकून आमच्या धाकट्याने लगेच विचारले होते, "कुठे?"

आता काळ. पुढील दोन वाक्ये मोठ्याने वाचा.

आजी पहाटे उठली.
आजी पहाटे उठत असे.

पहिले वाक्य एका दिवसाचे आहे. तो साधा भूतकाळ. दुसरे वाक्य वर्षानुवर्षांचे आहे. तो रीती भूतकाळ. आजोबांना आपण आदराने 'ते' म्हणतो, म्हणून 'आजोबा उठत असत'. जुन्या पुस्तकांत 'उठे', 'करी', 'म्हणे' अशी रूपे भेटतील. बोलताना आपण 'आजी उठायची', 'आजोबा उठायचे' असे म्हणतो. अर्थ तोच.

हा काळ आमच्या घरी कसा उपयोगी पडला ते सांगतो. आमची आई ३ वर्षांपूर्वी मिरजेला वारली. फोन आला तेव्हा इथे संध्याकाळ होती. तिकीट मिळून घरी पोचेपर्यंत अंत्यविधी होऊन गेला होता. वर्षश्राद्धाला मुलीने आजीविषयी लिहून वाचावे असे ठरले. तिने लिहिले : जन्म, शिक्षण, नोकरी, ३ मुले, निवृत्ती. सगळे बरोबर होते, पण ते नोकरीच्या अर्जाला जोडण्यासारखे झाले होते. मग आम्ही एकच अट घातली. प्रत्येक वाक्य रीती भूतकाळात हवे.

दुसऱ्या दिवशी तिने वही पुढे केली. "आजी फोनवर आधी 'जेवलीस का?' असे विचारायची. दुधाच्या रिकाम्या पिशव्या धुऊन दोरीवर वाळत घालायची. हिशेबात आठ आणे कमी आले तर ते सापडेपर्यंत झोपत नसे. रागावली की बोलायची नाही, नुसती भांडी आपटायची." शेवटचे वाक्य ठेवावे की नाही, यावर घरात चर्चा झाली. ते ठेवले. श्राद्धाच्या दिवशी ते वाचल्यावर आत्या हसली आणि मग रडली.

सानेगुरुजींचे 'श्यामची आई' आपल्यापैकी अनेक पालकांनी वाचले आहे. ते त्यांनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिले आणि १९३५ साली ते प्रसिद्ध झाले. त्यांची आई १९१७ साली गेली होती, म्हणजे लिहिताना १५ वर्षे उलटून गेली होती. पुस्तकात ४२ रात्री आहेत. श्याम दूर असतो आणि तो घरी पोचतो तेव्हा आई गेलेली असते. पण हे अगदी शेवटी येते. त्याआधीच्या रात्री आई जगताना दिसते. पोहायला घाबरणाऱ्या श्यामला ती मारून विहिरीवर धाडते. पायांना घाण लागू नये म्हणून हट्ट धरणाऱ्या श्यामला ती मनही तसेच जपायला सांगते.

परदेशात राहणाऱ्या आपल्यातल्या कित्येकांना शेवटच्या भेटीला पोचता आले नाही. 'आम्ही पोचलो नाही' हे साध्या भूतकाळातले वाक्य आहे आणि ते बदलता येत नाही. पण तो एक दिवस होता. आईबरोबरचे बाकीचे हजारो दिवस रीती भूतकाळात आहेत, आणि ते आपल्याजवळ आहेत. मुलांना आजी कळायची असेल तर ती त्याच दिवसांतून कळेल.

स्वाध्याय

१. घरातल्या फोटोतल्या एका माणसाविषयी ५ वाक्ये लिहा. सर्व वाक्ये रीती भूतकाळात हवीत.
२. त्यांतले एक वाक्य त्यांच्या रागाचे, खोडीचे किंवा विचित्र सवयीचे असावे.
३. माहिती कमी पडली तर भारतात काका, मामा, आत्या किंवा मावशीला फोन करा. प्रश्न मुलांनीच मराठीत विचारावेत.

पालकांनी मुलांची वाक्ये सुधारून देऊ नयेत. ऱ्हस्व-दीर्घ आपण वर्गात पाहू. लिहिलेला कागद पुढच्या रविवारी आणावा. जमल्यास फोटोही आणावा.