बर्फाखालचे तळे
(सृष्टिपाठ. वाचन: ईयोब 38, नीतिसूत्रे 30)

ईयोबाच्या ग्रंथाच्या 38व्या अध्यायात परमेश्वर वावटळीतून ईयोबाशी बोलतो, आणि इतर प्रश्नांबरोबर बर्फाच्या उत्पत्तीविषयीही त्यास विचारतो. आमच्या खेड्यांतील मंडळ्यांत हा भाग वाचला जातो तेव्हा श्रोत्यांच्या मुद्रेवर नवल दिसते. गारा सर्वांनी पाहिल्या आहेत. परंतु भरलेल्या तळ्याचे पाणी वरून दगडासारखे कठीण होते व मनुष्ये त्यावरून चालत जातात, हे त्यांस खरे वाटत नाही. म्हणून आज आपण अशाच एका तळ्याच्या काठी जाऊ. हे तळे अमेरिकेच्या ईशान्य भागात, मॅसॅच्युसेट्स प्रांतात आहे. 1813 साली मुंबईस उतरलेले मिशनरी गॉर्डन हॉल ह्यांचा जन्म त्याच प्रांतातला. तेव्हा ते स्थळ आम्हांस अगदीच परके नव्हे.

तेथे नोव्हेंबर महिन्यात पानगळ संपत येते. आपल्याकडे त्या वेळी रब्बीची ज्वारी अजून हुरड्यास आलेली नसते. तेथे मात्र झाडे उघडी पडतात, आणि पहाटे काठच्या पाण्यावर काचेसारखा पापुद्रा धरतो. बदके उडून दक्षिणेस निघून जातात. जे राहतात त्यांनी काय करावे?

प्रथम बीव्हर पाहा. हा उंदराच्या वर्गातला, पण वीस-पंचवीस किलो वजनाचा प्राणी. तो दातांनी झाडे पाडतो, ओढ्यास बांध घालतो, व त्यामुळे साचलेल्या पाण्यात काटक्यांचे घर रचतो. घराची दारे पाण्याखाली असतात. थंडी जवळ आली म्हणजे तो घरावर ओल्या चिखलाचा लेप देतो; तो गोठला की भिंत इतकी टणक होते की हिंस्र पशूस ती उकरता येत नाही. मग वाळुंजाच्या जातीच्या व इतर झाडांच्या फांद्या आणून तो दाराजवळच पाण्याच्या तळाशी रचून ठेवतो. हिवाळाभर नर, मादी व पिले बर्फाखालून पोहत जाऊन एकेक फांदी घरात आणतात व तिची साल खातात. (कातड्याच्या लोभाने मनुष्याने त्यांची एवढी शिकार केली की अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत त्या प्रांतातून ते नाहीसे झाले होते, 1928 साली ते तेथे पुन्हा आढळले. हॉलसाहेबांनी आपल्या गावी बीव्हर पाहिला असेल असे आम्हांस वाटत नाही.)

येथवर वाचून एखादा उपदेशक मुंगीच्या पाठास बीव्हरचा पाठ जोडील, आणि सुगीनंतर ज्याच्या कणगीत दाणा नाही त्यास आळशी म्हणून दटावील. आम्हीही एके काळी असा उपदेश केला आहे. समोर एक विधवा बहीण बसली होती. तिने सारा हंगाम दुसऱ्याच्या शेतात कापणी केली होती, व मिळालेले धान्य कर्जात गेले होते. तिची मान खाली गेली ती उपासना संपेपर्यंत वर आली नाही. त्या दिवसापासून आम्ही नीतिसूत्रांचा 30वा अध्याय अधिक लक्षपूर्वक वाचू लागलो. तेथे लहान पण शहाण्या अशा चार प्राण्यांची नावे आहेत, आणि त्यांपैकी अन्न साठविणारी एकटी मुंगीच आहे.

तळ्यातही तसेच आहे. तेथील रंगीत कासव काहीच साठवीत नाही. ते तळाशी जाऊन स्वस्थ पडते, आणि महिनोन् महिने श्वास घेण्यास वर येत नाही. त्याच्या शरीराचा व्यापार इतका मंदावतो की अतिशय थंड पाण्यात ते शंभराहून अधिक दिवस प्राणवायूवाचून जगू शकते. त्या काळात रक्तात जे आम्ल साचते त्याचा जोर त्याच्या कवचातील चुना मोडतो. काठच्या पाचोळ्यात राहणारा रानबेडूक तर ह्याहून विलक्षण. त्याच्या अंगातील निम्म्याहून अधिक पाणी गोठते व हृदय थांबते. मात्र यकृतातून निघालेली साखर त्याच्या पेशींस राखते, आणि वसंतात तो पुन्हा उड्या मारू लागतो. पाण्यावर तरंगणारी एक बारीक वनस्पतीही अशीच. ती पिठुळ द्रव्याने भरलेल्या लहान कळ्या तयार करते. त्या जड होऊन तळाशी बुडतात व ऊन वाढले म्हणजे वर येतात.

हे सर्व जगतात ते पाण्याच्या एका नियमामुळे. थंड होणारे पाणी जड होऊन खाली जाते, व वरची हवा आपल्याबरोबर तळापर्यंत नेते. परंतु उष्णता सुमारे 4 अंशांवर आली की हा क्रम उलटतो: त्याहून थंड पाणी हलके होऊन वर राहते. गोठताना तर ते शेकडा 9 इतके फुगते, म्हणून बर्फ तरंगते व तळ्यास झाकणासारखे होते. बर्फ बुडणारे असते तर तळे खालून भरत आले असते, आणि कासवास निजावयास जागा उरली नसती. सर्वच वाचतात असे मात्र नाही. तळे उथळ असले व बर्फावर हिम दाट साचून उजेड आत गेला नाही, तर पाण्यातील प्राणवायू संपतो व मासे मरतात.

शाब्बाथ शाळेच्या शिक्षकांनी हा नियम मुलांस डोळ्यांनी दाखवावा. पातळ केलेल्या तुपात थिजलेल्या तुपाचा गोळा टाकावा. तो तळाशी जातो. मग बाजारातून आणलेला बर्फाचा तुकडा पाण्याच्या पेल्यात टाकावा. नंतर त्यांस विचारावे की, वैशाखात आपल्या गावचे तळे आटते तेव्हा त्यातले बेडूक कोठे असतात? मुलांस सांगता आले नाही तर गावच्या एखाद्या म्हाताऱ्या शेतकऱ्यास बोलवावे. पहिल्या पावसाच्या आधी जमीन खणताना त्याच्या कुदळीने कोरड्या मातीतून जिवंत बेडूक वर काढलेला असेल.