पक्ष्यांच्या डोळ्यातलं होकायंत्र

फिजिक्समध्ये ‘अँगल ऑफ डिप’ नावाचा एक प्रकार असतो. दोन मार्कांची व्याख्या पाठ करायची आणि परीक्षा झाली की सोडून द्यायची! युरोपातला रॉबिन हा चिमुकला पक्षी मात्र हाच डिप वापरून रात्रीच्या अंधारात दक्षिणेची वाट धरतो. (हा आपल्याकडचा दयाळ नव्हे. ह्याची छाती नारिंगी असते.)

हे कळलं कसं? स्थलांतराचे दिवस आले की पिंजऱ्यातला पक्षीसुद्धा रात्री अस्वस्थ होतो आणि जायच्या दिशेला उड्या मारतो. १९६६ मध्ये एम्लेन ह्यांनी ह्यासाठी एक मस्त जुगाड सांगितला : कागदाचं नरसाळं, तळाला शाईचा पॅड. पक्षी ज्या बाजूला उडी मारेल तिकडे पायांचे ठसे उमटतात. सेन्सर नाही, काही नाही!

जर्मनीत फ्रँकफर्टला व्होल्फगांग व्हिल्चको ह्यांनी रॉबिनभोवती तारेची वेटोळी लावून चुंबकीय क्षेत्र फिरवलं, तर पक्ष्यांची दिशाही फिरली. पण खरी गंमत १९७२ च्या पेपरात आहे. फक्त उभा घटक उलटा केला तर पक्षी उलट्या दिशेला वळले. उभा आणि आडवा दोन्ही उलटे केले तर काहीच फरक नाही! म्हणजे उत्तर-दक्षिण ध्रुव त्यांना कळतच नाहीत. क्षेत्ररेषा जमिनीकडे कुठे झुकते, तेवढंच कळतं. चुंबकीय विषुववृत्तावर ती झुकतच नाही, तिथे हे होकायंत्र मुकं होतं. (ही रेषा केरळातल्या थुंबाजवळून जाते, म्हणून तर १९६३ मध्ये आपलं पहिलं रॉकेट तिथून उडालं.)

आता इंजिनिअरचा प्रश्न. पृथ्वीचं क्षेत्र जेमतेम २५ ते ६५ मायक्रोटेस्ला. एका इलेक्ट्रॉनवर त्याचा जो परिणाम होतो त्याची ऊर्जा काढून बघा, साध्या उष्णतेची ऊर्जा त्याच्या जवळजवळ एक कोटी पट भरते. एवढ्या नॉइजमध्ये सिग्नल मिळणार कसा? १९७८ मध्ये क्लाउस शुल्टेन ह्यांनी सुचवलं, की प्रकाशामुळे रेणूंत इलेक्ट्रॉनची जोडी फुटते आणि त्या दोघांच्या स्पिनचा खेळ इतका नाजूक असतो की तेवढ्याशा क्षेत्रानेही रासायनिक क्रियेचा निकाल बदलतो. पुढे २००० मध्ये ह्यासाठी डोळ्यातल्या क्रिप्टोक्रोम ह्या प्रथिनाचं नाव पुढे आलं. निळ्या-हिरव्या उजेडात रॉबिनला दिशा सापडते, लाल उजेडात तो गोंधळतो, हे त्याच्याशी छान जुळतं.

मला सगळ्यात आवडलेली गोष्ट ओल्डेनबुर्ग विद्यापीठाची. तिथे हेनरिक मूरिट्सेन ह्यांच्या गटाचे रॉबिन कॅम्पसवरच्या लाकडी खोल्यांत वर्षानुवर्षं दिशाच दाखवेनात. सगळं तपासून झालं. शेवटी खोल्यांना आतून अॅल्युमिनियमचे पत्रे ठोकले आणि त्यांना अर्थिंग दिलं. पक्षी ताळ्यावर! अर्थिंग काढलं की पुन्हा गोंधळ. दोषी होता कॅम्पसवरचा रेडिओ नॉइज, साधारण ५० किलोहर्ट्झ ते ५ मेगाहर्ट्झ, विजेच्या उपकरणांतून आणि एएम रेडिओच्या पट्ट्यात येणारा. शहराबाहेर नेलेले पक्षी पत्र्यांशिवायही नीट वागले. हे २०१४ मध्ये छापून आलं. हा पुरावा देऊन मोबाईल टॉवरला शिव्या घालणाऱ्यांनी एवढं लक्षात घ्यावं, की मोबाईलच्या फ्रिक्वेन्सी ह्याच्या कितीतरी वर आहेत.

कबुतराच्या चोचीत लोखंडाच्या पेशी असतात आणि तेच होकायंत्र, असंही बरीच वर्षं म्हणत होते. २०१२ मध्ये त्या पेशी रक्तातल्या साफसफाईच्या निघाल्या. क्रिप्टोक्रोमची बाजू मात्र वरचढ होत गेली. २०२१ मध्ये रॉबिनचं क्रिप्टोक्रोम-४ परीक्षानळीत तपासलं, तर ते चुंबकीय क्षेत्राला प्रतिसाद देतं आणि कोंबडी-कबुतराच्या त्याच प्रथिनापेक्षा जास्त देतं, असं दिसलं. कोंबडीला कुठे जायचंय म्हणा! आता तीच क्रिया जिवंत रॉबिनच्या डोळ्यात होताना पकडायची बाकी आहे.