रेणूंच्या टकरींचे गणित

काडेपेटीतील काडी महिनोन्‌महिने घरातील फळीवर पडून असते. तिच्या गुलात ज्वलनशील द्रव्य असते, भोवती हवेत प्राणवायू असतो; तरीही ती आपोआप पेटत नाही. पेटीच्या कडेवर एकदा घासली की मात्र क्षणार्धात पेट घेते. असे का व्हावे? या साध्या प्रश्नाच्या उत्तरातून रसायनशास्त्राची एक महत्त्वाची सैद्धांतिक शाखा उभी राहिली आहे. त्या शाखेचा संबंध प्रयोगशाळेपुरता मर्यादित नाही. साऱ्या जगाच्या आरोग्याशी तो कसा पोहोचला, याची माहिती प्रस्तुत लेखात देण्याचा प्रयत्न केला आहे.

टकरी पुष्कळ, फळ थोडे

हवेतील नायट्रोजनाचा रेणू नेहमीच्या तपमानाला सेकंदाला सरासरी सुमारे ४७५ मीटर वेगाने धावत असतो आणि तेवढ्याच अवधीत इतर रेणूंवर काही अब्ज वेळा आदळतो. प्रत्येक टकरीतून रासायनिक अभिक्रिया घडली असती, तर हायड्रोजन आणि ऑक्सिजन यांच्या मिश्रणाचे डोळ्याचे पाते लवण्याच्या आत पाणी झाले असते. प्रत्यक्षात ठिणगी न पडल्यास असे मिश्रण वर्षानुवर्षे तसेच राहते. म्हणजेच बहुतेक टकरी निष्फळ ठरतात.

स्वीडनचे शास्त्रज्ञ स्वांते अऱ्हेनियस यांनी १८८९ मध्ये याचा उलगडा केला. तपमान २७ अंशांवरून ३७ अंश सेल्सिअसवर नेले, तर रेणूंचा वेग दोन टक्क्यांनीसुद्धा वाढत नाही. अनेक अभिक्रियांची गती मात्र जवळजवळ दुप्पट होते. यावरून असे दिसते, की महत्त्व टकरींच्या संख्येला नसून त्यांतील ऊर्जेला आहे. ठराविक किमान ऊर्जा असलेल्या टकरीच फलद्रूप होतात. या किमान ऊर्जेला सक्रियण ऊर्जा म्हणतात. तेवढी ऊर्जा असलेले रेणू फार थोडे असतात; परंतु तपमान किंचित वाढले, तरी त्यांची संख्या झपाट्याने वाढते. प्राथमिक आरोग्य केंद्रात बहुतेक लसी २ ते ८ अंश सेल्सिअस तपमानात जपून ठेवण्यामागेही मुख्यतः हेच तत्त्व आहे. उष्णता वाढली, की लसीची झीज घडविणाऱ्या अभिक्रियाही वेग घेतात.

पुढे जर्मनीत माक्स ट्राउट्झ यांनी १९१६ मध्ये आणि इंग्लंडमध्ये विल्यम लुईस यांनी १९१८ मध्ये टकरींचा सिद्धांत मांडला. महायुद्धामुळे एकाच्या कामाची दुसऱ्याला वार्ता नव्हती. एकूण टकरी किती, त्यांपैकी पुरेशा ऊर्जेच्या किती, हा हिशेब त्यांनी केला. त्यात पुढे आणखी एक बाब धरावी लागली: रेणूंची परस्परांकडे असलेली दिशा. कडी कोयंड्यात बसायची, तर ती नेमकी त्याच्यासमोर यावी लागते. नुसती आदळून भागत नाही. रेणूंचेही तसेच आहे.

घाट आणि खिंड

१९३१ मध्ये हेन्री आयरिंग आणि मायकेल पोलान्यी यांनी बर्लिन येथे हायड्रोजनचा एक अणू आणि हायड्रोजनचा एक रेणू यांच्या टकरीचा ऊर्जानकाशा तयार केला. अणूंमधील अंतरे बदलली की ऊर्जा कशी बदलते, हे त्यात डोंगरदऱ्यांप्रमाणे दिसते. कोकणातून देशावर येणारा वाटसरू सह्याद्रीचे शिखर चढत नाही. तो सोयीची खिंड शोधतो. रेणूही एका दरीतून दुसऱ्या दरीत जाताना बहुधा सर्वांत कमी उंचीच्या खिंडीने जातात. या खिंडीतील क्षणिक अवस्थेला संक्रमण अवस्था म्हणतात. १९३५ मध्ये या कल्पनेवर अभिक्रियेची गती मोजण्याचा सिद्धांत उभा राहिला. उत्प्रेरकाचे कार्यही यातून समजते: तो डोंगर हटवीत नाही, कमी उंचीची दुसरी खिंड दाखवितो.

रेणूंचे झोत एकमेकांवर सोडून एकेका टकरीचा अभ्यास करणे नंतरच्या काळात शक्य झाले. रासायनिक अभिक्रियांच्या अशा सूक्ष्म अभ्यासाबद्दल डडली हर्शबाख, युआन ली आणि मायकेल पोलान्यी यांचे पुत्र जॉन पोलान्यी यांना १९८६ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

ओझोनचे संरक्षण

पृथ्वीपासून उंचावर, स्थितांबरात, ओझोन वायूचा थर सूर्याच्या घातक अतिनील किरणांपासून जीवसृष्टीचे रक्षण करतो. ओझोनचा रेणू आणि ऑक्सिजनचा सुटा अणू यांच्या थेट टकरीतून ओझोन नष्ट होऊ शकतो. परंतु त्या वाटेवरील खिंड बरीच उंच असल्याने तेथील थंडीत ही अभिक्रिया मंद असते. क्लोरीनचा अणू मात्र सोपी वाट उघडतो. तो ओझोनमधील एक ऑक्सिजन अणू हिरावून घेतो, तो दुसऱ्या सुट्या ऑक्सिजन अणूला देतो आणि स्वतः पुन्हा मोकळा होतो. असा एक अणू सुमारे १ लाख ओझोन रेणूंचा नाश करू शकतो.

शीतकपाटे आणि फवाऱ्याच्या डब्यांत वापरल्या जाणाऱ्या क्लोरोफ्लुओरोकार्बन वायूंतून हा क्लोरीन मुक्त होईल, असा इशारा मारिओ मोलिना आणि शेरवूड रोलंड यांनी १९७४ मध्ये या अभिक्रियांच्या हिशेबावरून दिला. तेव्हा आकाशात डोळ्यांना काहीच दिसत नव्हते. उद्योगांनी शंका घेतल्या. १९८५ मध्ये अंटार्क्टिकावरील ओझोनचे विवर जगापुढे आले, तेव्हा हानी अपेक्षेहूनही मोठी होती. कारण ध्रुवीय ढगांतील कणांच्या पृष्ठभागावर घडणाऱ्या अभिक्रिया पूर्वीच्या हिशेबात धरलेल्या नव्हत्या. सिद्धांतात ही भर घालावी लागली. परंतु मूळ इशारा खरा ठरला.

१६ सप्टेंबर १९८७ रोजी माँट्रिऑल करार झाला. भारत १९९२ मध्ये त्यात सहभागी झाला. मोलिना, रोलंड आणि पॉल क्रुट्झेन यांना १९९५ चे नोबेल पारितोषिक मिळाले. आताच्या अंदाजानुसार करार पाळला गेल्यास अंटार्क्टिकावरील थर २०६६ च्या सुमारास १९८० च्या पातळीवर येईल.

१६ सप्टेंबर हा दिवस ओझोन संरक्षण दिन म्हणून पाळला जातो. शिक्षकांनी त्या दिवशी केवळ घोषणाफलक न लावता काडेपेटीच्या काडीपासून ओझोनपर्यंतचा हा मार्ग विद्यार्थ्यांना समजावून सांगावा. जुन्या शीतकपाटांच्या दुरुस्तीच्या वेळी त्यातील वायू हवेत सोडला जाणार नाही, तो गोळा करून घेतला जाईल, याची दक्षता कार्यालयांनी आणि पंचायतींनी घ्यावी. इशारा आणि विवर यांच्यामध्ये अकरा वर्षे होती. संकट डोळ्यांना दिसण्यापूर्वी ते गणितात दिसू शकते. आणि तेव्हाच त्याची दखल घेतली, तर उपायाला वेळ मिळतो.