चार गाण्यांचा बँड शोधताना

मोठ्या कंपनीचं गाणं आपल्याला शोधत येतं. नवख्या, स्वतंत्र बँडला मात्र आपणच शोधावं लागतं, आणि ते मालवणात किंवा देवगडात बसूनही नीट जमतं. ॲपने पुढ्यात टाकलेलं ऐकण्यापेक्षा माणसांच्या नावांमागे जायची सवय मात्र हवी.

आधी काय शोधायचं ते ठरवा. नव्या बँडकडे पूर्ण अल्बमचे पैसे नसतात, म्हणून ते ईपी काढतात. ॲपल म्युझिकच्या हिशोबात साधारण चार ते सहा गाणी आणि एकूण अर्ध्या तासाच्या आत, ती ईपी. लॉर्ना आणि ख्रिस पेरी यांची कोंकणी गाणी घराघरांत पोचली तीही एचएमव्हीच्या अशाच छोट्या तबकड्यांवरून. स्पॉटिफायवर कलाकाराच्या पानावर सिंगल्स आणि ईपींचा कप्पा अल्बमपासून वेगळा असतो. तो उघडायला विसरू नका.

२०१५ पासून जगभर नवं संगीत शुक्रवारी येतं. म्हणून शुक्रवारी संध्याकाळी स्पॉटिफायचं रिलीज रडार उघडा. पण ते मुख्यतः तुम्ही फॉलो करता किंवा ऐकता त्यांचंच दाखवतं, म्हणजे आधी फॉलो केलेल्यांची यादी वाढवायला हवी. त्यासाठी बँडकॅम्प या संगीत विकणाऱ्या साइटवर जा. तिथे रोमन अक्षरांत मराठी, कोंकणी, मुंबई, पुणे, गोवा हे टॅग एकेक करून शोधा आणि नवं आधी दिसेल असं लावा. यूट्यूबवर अपलोड तारखेची गाळणी लावून मालवणी हा शब्द देवनागरीत आणि रोमनमध्ये, दोन्ही प्रकारे टाकून बघा. आपल्याकडची पोरं ईपी न म्हणता एकेक गाणं सोडतात. गणपतीच्या आधी आणि शिमग्याच्या सुमाराला जास्त बघा.

आता खरं काम. एक गाणं आवडलं की त्याची श्रेयनामावली काढा. स्पॉटिफायवर गाण्याशेजारच्या तीन ठिपक्यांत सापडते, बँडकॅम्पवर गाण्यांच्या यादीखाली. पखवाज कोणी वाजवला, मिक्सिंग कोणाचं, पाहुणा गायक कोण, ही नावं वहीत लिहा आणि प्रत्येक नाव पुन्हा शोधा. मुंबईच्या स्वदेशी या हिपहॉप समूहाचं ‘द वारली रिव्होल्ट’ घ्या. त्यात आरे वसाहतीतले आदिवासी कार्यकर्ते प्रकाश भोईर आहेत. समूहातला एमसी मवाली मराठीत रॅप करतो, दिवंगत एमसी तोडफोड गुजरातीत करायचा. एकाच गाण्यातून तीन वाटा फुटल्या. ॲपचा अंदाज तुम्ही काल काय ऐकलंत त्यावर चालतो. श्रेयनामावली मात्र तुम्ही कधी ऐकलं नसेल तिथेही नेते.

ऐकायची रीतही सांगतो. वायफायवर गाणी डाऊनलोड करून घ्या. खाडीकाठी रेंज येते आणि जाते. ईपी क्रमाने, मधलं काही न गाळता ऐका, कारण चार गाण्यांत बँडने क्रमावर विचार केलेला असतो. पहिल्या खेपेला मत बनवू नका. दुसऱ्या खेपेला हेडफोन लावून ठेका आणि चाल वेगवेगळी ऐका. डबलबारीचं भजन रात्रभर ऐकलेल्या माणसाला हे शिकवावं लागत नाही. बुवाने चाल कुठे बदलली, पखवाजवाल्याने कुठे सावरून घेतलं, हे त्याला कळतंच. तो कान नव्या बँडसाठी वापरा, तो खूप मोलाचा आहे.

प्रत्यक्ष ऐकायचं तर गोवा जवळ आहे. पणजीत डिसेंबरमध्ये सेरेंडिपिटी आर्ट्स फेस्टिव्हल भरतो, त्याचा संगीताचा कार्यक्रम आधीच बघून ठेवा आणि अनोळखी नावांना आधी जागा द्या.

शेवटी पैसे. २०२४ पासून स्पॉटिफायवर मागच्या बारा महिन्यांत १,००० वेळाही न वाजलेल्या गाण्याला मानधन मिळत नाही. नव्या बँडची कितीतरी गाणी त्या आकड्याखाली राहतात. म्हणून आवडलेली ईपी बँडकॅम्पवर विकत घ्या. डिजिटल विक्रीतले साधारण १५ टक्के साइट ठेवते, आणि ठरावीक बँडकॅम्प फ्रायडेला तेही सोडते. ही प्रथा मार्च २०२० मध्ये सुरू झाली. कार्डावर परदेशी व्यवहार चालू आहे ना, ते आधी बँकेत विचारा. खरेदी करताना बँडला दोन ओळी लिहायची सोय असते. तिथे कुठलं गाणं आवडलं आणि त्यातलं नेमकं काय, ते मराठीतच लिहा, आणि गावाचं नावही टाका.