चिखलणीनंतर पॉवर वीडरची निगा व साठवण

अहिल्यानगर जिल्ह्यातील अकोले तालुक्यात शेतीची दोन रूपे आढळतात. पूर्वेकडे प्रवरेच्या काठी ऊस व भाजीपाला, तर पश्चिमेकडे कळसूबाई, रतनगड व घाटघर परिसरात मुसळधार पावसावर पिकणारी भातखाचरे. डोंगरउतारावरील ही खाचरे लहान व वाटा अरुंद असल्याने मोठा ट्रॅक्टर तेथे सहजी पोचत नाही. अशा ठिकाणी हाताने चालविता येणारा, लहान पेट्रोल इंजिनाचा पॉवर वीडर चिखलणीसाठी उपयुक्त ठरतो.

मात्र हे यंत्र वर्षातून मोजकेच दिवस राबते. आवणी आटोपली की ते बहुधा पुढील हंगामापर्यंत पडवीत उभे राहते. अशा इंजिनाचे बरेचसे बिघाड कामाच्या दिवसांत नव्हे, तर या विश्रांतीच्या काळात जन्म घेतात आणि ऐन आवणीच्या वेळी उघडकीस येतात. त्या वेळी खाचरात पाणी उभे असते, मजूर ठरलेले असतात आणि रोप लावणीच्या वयाचे झालेले असते. चार-आठ दिवसांची खोटी झाली तरी रोप जून होते आणि उत्पन्नाला झळ पोचते. म्हणूनच यंत्र खरेदी करण्याइतकेच ते नीट ठेवणेही अगत्याचे आहे.

जुने पेट्रोल

साठवणीतील पहिला शत्रू म्हणजे टाकीत राहिलेले पेट्रोल. त्यातील हलके घटक उडून जातात व मागे राहणारा चिकट थर कार्ब्युरेटरची बारीक छिद्रे बुजवतो. देशात २०२३ साली २० टक्के इथेनॉल मिश्रित पेट्रोलची विक्री सुरू झाली व तेव्हापासून तिचा विस्तार झाला. इथेनॉल हवेतील ओलावा शोषून घेते. पाण्याचे प्रमाण वाढले की पाणी व इथेनॉल पेट्रोलपासून वेगळे होऊन टाकीच्या तळाशी बसते व धातूचे भाग गंजू लागतात. पावसाळी, दमट प्रदेशात हा धोका अधिक.

यास्तव यंत्र महिन्याहून अधिक काळ उभे राहणार असल्यास टाकी रिकामी करावी. हे काम इंजिन पूर्ण थंड झाल्यावर, उघड्यावर व विस्तवापासून दूर करावे. नंतर कार्ब्युरेटरच्या वाटीखालील स्क्रू सैल करून उरलेले पेट्रोलही काढून घ्यावे. दोन-स्ट्रोक इंजिनाच्या गवत कापणी यंत्रासाठी केलेले तेलमिश्रित पेट्रोलही हंगामाबाहेर साठवू नये.

तेल, गाळणी व प्लग

वापरलेल्या तेलात काजळी व आम्लद्रव्ये साचलेली असतात. ते तसेच राहिल्यास आतील भागांना अपाय होतो. म्हणून चार-स्ट्रोक इंजिनाचे तेल साठवणीपूर्वी, इंजिन किंचित कोमट असताना, बदलावे. तेलाचा प्रकार व प्रमाण यंत्राच्या पुस्तिकेनुसार ठेवावे. काढलेले तेल ओढ्यात वा खाचरात न ओतता डब्यात जमा करावे.

हवेच्या गाळणीतील स्पंज साबणाच्या पाण्यात धुऊन पूर्ण वाळवावा व पुस्तिकेत सांगितले असल्यास तेलाचा हलका हात देऊन पिळून घ्यावा. त्यानंतर स्पार्क प्लग काढून सिलिंडरमध्ये लहान चमचाभर स्वच्छ इंजिन तेल सोडावे. दोरी दोन-तीन वेळा हळू ओढली म्हणजे ते आत सर्वत्र पसरते. प्लग पुन्हा बसवून जोर लागेपर्यंत दोरी ओढावी व तेथेच थांबावे. या स्थितीत दोन्ही झडपा बंद असतात. त्यामुळे दमट हवा सिलिंडरमध्ये शिरत नाही. प्लगची तार मात्र काढूनच ठेवावी.

जागा व नोंद

पात्यांत अडकलेला चिखल, मुळ्या व पेंढा काढून यंत्र धुवावे. तापलेल्या इंजिनावर पाणी मारू नये, तसेच गाळणीत व सायलेन्सरमध्ये पाणी जाऊ देऊ नये. कोरडे झाल्यावर पात्यांना वंगण लावावे, गिअर पेटीतील तेल तपासावे व यंत्र फळीवर, कोरड्या व हवेशीर जागी ठेवावे. प्लॅस्टिकमध्ये घट्ट गुंडाळल्यास आत दमटपणा कोंडतो. त्याऐवजी सुती कापड घालावे. उंदीर गाळणीत घरटे करतात व तारा कुरतडतात, म्हणून अधूनमधून पाहणी करावी. पेट्रोलची वाफ हवेहून जड असल्याने जमिनीलगत पसरते. चूल असलेल्या घरात पेट्रोलचा डबा ठेवणे जिवावर बेतू शकते. बंद खोलीत इंजिन चालवून पाहणेही तितकेच घातक आहे, कारण त्याच्या धुरातील विषारी वायूला वास नसतो.

२०१४-१५ पासून कृषी यांत्रिकीकरण उपअभियानाखाली अवजारांना व अवजारे बँकांना साहाय्य देण्यात आले. सामायिक यंत्राची निगा कोणा एकाची राहत नाही, हा अनुभव सर्वत्र येतो. त्यासाठी गटाने एक नोंदवही ठेवावी. तीत चालविलेले तास, तेल बदलल्याची तारीख व साठवणीची जबाबदारी घेणाऱ्याचे नाव असावे. ग्रामपंचायत सदस्यांनी आवणीनंतर सहायक कृषी अधिकाऱ्याच्या मदतीने गावात एक प्रात्यक्षिक घडवून आणावे व शिक्षकांनी मोठ्या विद्यार्थ्यांना ते दाखवावे. पुढे मे महिन्यात ताजे पेट्रोल घालून यंत्र एकदा चालवून पाहिले, की काही उणीव आढळल्यास ती दूर करण्यास पाऊस येईपर्यंत पुरेसा अवधी मिळतो.