मासा भाजावा, करपू देऊ नये
(महिला मंडळ व बचत गटांसाठी पाठ)

वचनपाठ : योहान २१:१-१४
वेळ : सुमारे दीड तास
साहित्य : मासे, मीठ, हळद, तिखट, लसूण, चिंच किंवा लिंबू, थोडे तेल, लोखंडी जाळी, चिमटा, केळीची किंवा पळसाची पाने, सुके लाकूड किंवा कोळसा

पाठाचा उद्देश

आपल्या पाड्यांवर मासा रोज मिळत नाही. पावसाच्या सुरुवातीला वलगणीचे मासे येतात, उन्हाळ्यात डोहातले मिळतात आणि एरवी आठवडी बाजारातून रोहू किंवा चिलापी येते. घरात सहा माणसे आणि मासा एक किलो असा हिशेब असतो. त्यातून डोके, खवले आणि आतडी गेली की मांस थोडेच उरते. तो मासा विस्तवावर करपला तर साल काळ्या मांसासकट खरवडून टाकावी लागते, आणि एवढे करूनही काट्याजवळ तो कच्चाच निघतो. शंभर ग्रॅम मासळीत साधारण १८ ते २० ग्रॅम प्रथिने असतात. वाढत्या मुलांना आणि गरोदर बाईला त्यांची फार गरज असते. म्हणून मासा नीट भाजणे ही चवीपुरती गोष्ट नाही. हाती आलेले अन्न वाया न घालवण्याचा तो प्रश्न आहे.

मासा का करपतो

माशाचे मांस कोंबडी-बकऱ्याच्या मांसापेक्षा नाजूक असते. त्याचे तंतू आखूड असतात आणि ते साठ अंश सेल्सिअसच्या आसपासच शिजते. लाल निखाऱ्याची उष्णता मात्र कित्येक शे अंश असते. त्यामुळे आच जास्त झाली की आत ऊब पोहोचण्याआधीच वरची साल काळी पडते. बहुतेक वेळा चुका चारच असतात.

१. ज्वाळेवर भाजणे. ज्वाळा एका जागी स्थिर राहत नाही. ती एका बाजूला जाळते, दुसरी कच्ची ठेवते आणि वर काजळी चढवते.
२. ओला मासा जाळीवर टाकणे. ओली साल जाळीला चिकटते आणि उलटताना फाटते.
३. तिखट-मसाल्याचा जाड थर वरून देणे. मसाला माशाच्या आधी जळतो, कडवट होतो आणि घरभर ठसका लागतो.
४. सारखे उलटणे. साल सुटायच्या आतच मासा ओढला की तो तुटतो.

कृती

पहिली तयारी माशाची. खवले, कल्ले आणि आतडी काढावीत. पित्ताची पिशवी फुटू देऊ नये, नाहीतर मांस कडू होते. मासा धुऊन त्याला मीठ, हळद आणि चिंचेचा कोळ किंवा लिंबू लावून पंधरा-वीस मिनिटे ठेवावा. मोठ्या माशाला दोन्ही बाजूंनी बोटभर अंतरावर काट्यापर्यंत चिरा द्याव्यात. त्यामुळे जाड भागात आच पोहोचते. वाटलेला लसूण आणि तिखट या चिरांत भरावे, सालीवर थापू नये. भाजण्याआधी मासा स्वच्छ फडक्याने टिपून कोरडा करावा आणि सालीवर तेलाचा नुसता हात फिरवावा. तेल जास्त झाले तर ते निखाऱ्यावर गळते आणि भडका उडतो.

दुसरी तयारी विस्तवाची. बाभूळ, खैर, धावडा अशा कठीण लाकडाचे निखारे बराच वेळ टिकतात. ज्वाळा पूर्ण बसून निखाऱ्यावर पांढरी राख चढेपर्यंत थांबावे. मग निखारे एका बाजूला जास्त आणि दुसऱ्या बाजूला थोडे पसरावेत. एखादा मासा लवकर रंगू लागला तर त्याला कमी आचेकडे सरकवता येते. आच पाहायची असेल तर निखाऱ्यापासून वीतभर वर तळहात धरून सावकाश आकडे मोजा. दोनलाच हात मागे घ्यावा लागला तर आच फार आहे. चार-पाचपर्यंत धरवला तर ती माशाला योग्य आहे.

जाळी घासून, चांगली तापवून, तेलाचे फडके फिरवून मगच मासा ठेवावा. एकदा ठेवला की त्याला हात लावू नये. खालची साल नीट भाजली की ती आपोआप जाळी सोडते. ती चिकटून बसली असेल तर अजून एक मिनिट थांबावे. उलटायचे ते एकदाच. दोन बोटे जाड माशाला प्रत्येक बाजूला पाच-सहा मिनिटे लागतात. बोटभर लहान माशांना दोन-तीन मिनिटे पुरतात.

जाळी नसेल तर

पानात भाजणे ही आपल्या आजीची पद्धत, आणि करपण्यापासून मासा वाचवण्याचा तो सर्वांत खात्रीचा उपाय आहे. पानात पाणी असते. ते वाफ होऊन जाईपर्यंत आतली उष्णता शंभर अंशांच्या फारशी वर जात नाही. केळीचे पान विस्तवावरून फिरवून मऊ करावे, म्हणजे ते फाटत नाही. पानाच्या दोन-तीन थरांत मासा गुंडाळून केळीच्या सोपटाने बांधावा आणि राख चढलेल्या निखाऱ्यावर पंधरा ते वीस मिनिटे उलटसुलट ठेवावा. वरचे पान जळले तरी चालते. शीग म्हणून भिजवलेली बांबूची काडी वापरावी. कण्हेरीची काडी कधीही वापरू नये, ती विषारी असते.

शिजला कसा ओळखावा

सर्वांत जाड भागात काट्याशेजारी काडी घालून बघावे. मांस काचेसारखे दिसत असेल तर मासा कच्चा आहे. ते पांढरे झाले असेल आणि पाकळ्या सुटून काट्यापासून वेगळे होत असेल तर शिजला. गोड्या पाण्यातल्या माशांत कृमी असू शकतात, म्हणून अर्धा कच्चा मासा खाऊ नये. काळा पडलेला भागही काढून टाकावा. जळलेल्या मांसात शरीराला अपायकारक पदार्थ तयार होतात.

सावधगिरी

मासा अंगणात किंवा मोकळ्या पडवीत भाजावा. जळत्या निखाऱ्यांची शेगडी बंद खोलीत ठेवून झोपणे जिवावर बेतते. तिच्यातून निघणाऱ्या विषारी वायूला ना रंग असतो ना वास. पेटवण्यासाठी प्लास्टिक किंवा टायर वापरू नये. लहान मुलांना विस्तवापासून दूर बसवावे. कोणाला भाजलेच तर त्या जागेवर वीस मिनिटे थंड पाणी ओतत राहावे. टूथपेस्ट किंवा हळद लावू नये. जखम मोठी असेल तर दवाखान्यात न्यावे.

मनन

शिष्य रात्रभर तिबिर्याच्या समुद्रावर राबले आणि हाती काही लागले नाही. पहाटे प्रभूच्या शब्दावरून जाळे टाकले तेव्हा एकशे त्रेपन्न मोठे मासे मिळाले. ते काठावर आले तर निखाऱ्यांवर मासळी आणि भाकरी आधीच तयार होती. थकलेल्या माणसांसाठी प्रभूने स्वतः न्याहारी तयार केली होती. कळप सांभाळण्याचे काम त्याने पेत्रावर सोपवले ते जेवण झाल्यावर. त्याआधी त्याने त्यांना खाऊ घातले. चुलीपुढचे काम हलके समजणाऱ्यांनी हा अध्याय पुन्हा वाचावा.

गटात चर्चेसाठी

१. आपल्या घरी करपलेला तुकडा कोणाच्या ताटात जातो? तो बहुधा आईच्याच ताटात का जातो?
२. मासा वाटताना गरोदर बाई आणि लहान मुले यांचा वाटा आधी काढता येईल का?
३. आपल्या आजी-आत्या कोणकोणत्या पानांत मासा भाजत? त्या पानांची नावे मुलींकडून वहीत लिहून घ्या.

पुढच्या बैठकीपर्यंत प्रत्येक भगिनीने एकदा पानात आणि एकदा जाळीवर मासा भाजून पाहावा आणि काय फरक पडला ते गटात सांगावे.