पात्रता-सामन्यांचा वाद व त्याचे गणित

आमच्या पडेगावात, छावणीच्या बाजूस काय किंवा छत्रपती संभाजीनगर शहरात काय, चार फुटबॉलप्रेमी एकत्र जमले की एक प्रश्न हटकून निघतो : "आपला देश विश्वचषकास पात्र का होत नाही?" मग कोणी पंचास दोष देतो, कोणी शिक्षकास, कोणी दैवास. वाद करणे हा दोष नव्हे. आवडीच्या विषयावर मनुष्य बोलणारच. परंतु पुरावा न पाहता निर्णय देणे हा मात्र दोष खराच. म्हणून या लेखात आम्ही एकच उदाहरण घेऊन असा वाद कसा तोलावा हे पाहणार आहोत.

प्रथम पात्रता-सामने म्हणजे काय ते समजून घेऊ. २०२६ च्या विश्वचषकासाठी संघांची संख्या ३२ वरून ४८ करण्यात आली आणि आशिया खंडास आठ निश्चित जागा व एका अधिक जागेची संधी मिळाली. आशियाच्या दुसऱ्या फेरीत ३६ देशांचे चार-चारांचे नऊ गट पाडले गेले. प्रत्येक संघाने गटातील इतर तिघांशी एकदा स्वदेशी व एकदा परदेशी खेळावयाचे, म्हणजे एकूण सहा सामने. विजयास तीन गुण, बरोबरीस एक, पराभवास शून्य. प्रत्येक गटातील पहिले दोन संघ पुढील फेरीत जावयाचे.

भारताच्या गटात कतार, कुवेत व अफगाणिस्तान हे देश होते. १६ नोव्हेंबर २०२३ रोजी भारताने कुवेतमध्ये मनवीर सिंगच्या गोलाने १-० असा विजय मिळविला आणि सर्वांच्या आशा पल्लवित झाल्या. पाचच दिवसांनी भुवनेश्वर येथे कतारने ०-३ असा पराभव केला. मार्च २०२४ मध्ये सौदी अरेबियातील आभा येथे अफगाणिस्तानशी ०-० अशी बरोबरी झाली. त्यानंतर गुवाहाटीस सुनील छेत्रीने आपल्या १५० व्या आंतरराष्ट्रीय सामन्यात पेनल्टीवर गोल केला खरा, परंतु शेवटच्या वीस मिनिटांत दोन गोल होऊन भारत १-२ असा हरला. ६ जून रोजी कोलकात्यास कुवेतशी ०-० अशी बरोबरी झाली. छेत्रीने हा आपला निरोपाचा सामना म्हणून जाहीर केले होते. पुढे २०२५ मध्ये तो पुन्हा संघात आला, ही गोष्ट निराळी.

आता वादाचे मूळ पाहू. ११ जून २०२४ रोजी दोहा येथे कतारशी शेवटचा सामना झाला. ३७ व्या मिनिटास लालियानझुआला छांगटेने गोल करून भारतास आघाडी मिळवून दिली. ७३ व्या मिनिटास चेंडू गोलरेषेबाजूची सीमा ओलांडून बाहेर गेलेला असता कतारच्या खेळाडूने तो आत ओढला, दुसऱ्याने जाळ्यात मारला, आणि पंचांनी गोल मान्य केला. चित्रफीत पाहून निर्णय तपासण्याची सोय त्या सामन्यात नव्हती. ८५ व्या मिनिटास कतारने दुसरा गोल केला व भारत १-२ असा हरला. भारतीय महासंघाने तक्रार केली. निकाल मात्र बदलला नाही.

अंती कतारचे १६, कुवेतचे ७, भारताचे ५ व अफगाणिस्तानचेही ५ गुण झाले. "तो खोटा गोल नसता तर आपण पुढे गेलो असतो," असे जे म्हणतात त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. दोह्यात १-० ही आघाडी टिकली असती, तर भारताचे ८ गुण होऊन कुवेत मागे पडला असता. अन्याय झाला, तो अन्यायच म्हटला पाहिजे. बलवानाच्या घरी झाला म्हणून तो लहान ठरत नाही.

परंतु गणित येथेच थांबत नाही. गुवाहाटीस अफगाणिस्तानला हरविले असते, तरी भारताचे ८ गुण झाले असते, आणि दोह्याचा पंच आपले काहीच बिघडवू शकला नसता. कोलकात्यास कुवेतला हरविले असते, तर भारताचे ७ व कुवेतचे ६ राहिले असते; तेव्हाही आपणच दुसरे. हे दोन्ही सामने आपल्याच भूमीवर, आपल्याच प्रेक्षकांसमोर झाले होते. सहा सामन्यांत मिळून भारताने अवघे तीन गोल केले आणि तीन सामन्यांत तर एकही नाही. तेव्हा एका पराभवास दोन कारणे असू शकतात : एक दुसऱ्याचे, एक आपले. पहिल्याविरुद्ध दाद मागावी. दुसरे दुरुस्त करावे. पहिल्याच्या आड दुसरे लपवू नये.

अशी लपवाछपवी जुनीच आहे. १९५० च्या विश्वचषकासाठी ब्रह्मदेश, इंडोनेशिया व फिलिपाईन्स यांनी माघार घेतल्यामुळे भारत एकही सामना न खेळता पात्र ठरला. परंतु आपला संघ ब्राझीलला गेलाच नाही. अनवाणी खेळण्यास मनाई झाली म्हणून आपण गेलो नाही, ही कथा पिढ्यानपिढ्या सांगितली जाते. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये आपले बहुतेक खेळाडू अनवाणी खेळले, हे खरे. फ्रान्सकडून ते १-२ असे हरले आणि त्या सामन्यात आपण दोन पेनल्टी वाया घालविल्या, हेही खरे. पण १९५० मध्ये महासंघाने जी कारणे दिली ती संघनिवडीतील मतभेद व सरावास अपुरा वेळ ही होती. बुटांची कथा गोड असल्यामुळे टिकली, आणि खरी कारणे कडू असल्यामुळे विसरली गेली.

याउलट सय्यद अब्दुल रहीम यांचे उदाहरण पाहा. हा आपला जिल्हा ज्या हैदराबाद राज्यात १९५६ पर्यंत होता, त्याच हैदराबादेतील ते एक शाळामास्तर. त्यांच्या मार्गदर्शनाखाली भारताने १९५१ व १९६२ च्या आशियाई स्पर्धांत सुवर्णपदक मिळविले. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये भारत चौथा आला. तेथे नेव्हिल डिसोझा याने यजमान ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल केले व भारताने तो सामना ४-२ असा जिंकला. साधने तेव्हा आजच्याहून थोडीच होती. परंतु शिस्त व सराव यांत कसूर नव्हती.

सारांश, आपल्या संघावर प्रेम करावे, त्याच्यावर झालेला अन्याय निर्भयपणे सांगावा, परंतु आपला हिशेब आधी स्वतः मांडावा. जो विद्यार्थी परीक्षेत नापास झाल्यावर केवळ परीक्षकाचे नाव घेतो, तो पुढील वर्षीही त्याच बाकावर बसलेला दिसतो.

अभ्यासासाठी प्रश्न

१. आभा येथील सामना भारताने जिंकला असता आणि इतर निकाल तेच राहिले असते, तर भारत व कुवेत यांचे गुण किती झाले असते?
२. "पराभवाचे कारण" व "पराभवाची सबब" यांतील भेद वरील उदाहरणांवरून स्पष्ट करा.
३. आपल्या शाळेच्या संघाने हरलेल्या एखाद्या सामन्याचा हिशेब अशाच रीतीने मांडा.